कळंबच्या म्हशी, माहूरचा तट

कळंबच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. समोरून दहा-बारा म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. पाठीवर वाळलेला चिखल, शिंगं मागे वळलेली, आणि मागून काठी खांद्यावर आडवी टाकलेला एक मुलगा. नागपूरकडून आलेला ट्रक त्यांच्यासाठी थांबला होता. मी जागच्या जागी उभा राहून तो कळप दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो, कारण या म्हशींबद्दल मी आधी वाचलं होतं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना कळंबचा उल्लेख केला आहे. हे जुनं, नावाजलेलं शहर असून इथल्या म्हशी प्रसिद्ध आहेत, असं त्याने नोंदवलं आहे. सव्वाचारशे वर्षं होऊन गेली. आज कळंब यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं साधं गाव आहे. अबुल फजलच्या वेळी ते एका सरकारचं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं, मुख्य ठाणं होतं.

मी मात्र म्हशींसाठी आलो नव्हतो. अकबराच्याही पावणेदोनशे वर्षं आधीच्या एका स्वारीचा माग काढत आलो होतो. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमद शहा फौज घेऊन या भागात आला, त्याने माहूर घेतलं आणि गोंड प्रमुखाच्या ताब्यात असलेला कळंबचा किल्लाही घेतला. फारसी इतिहासकार फिरिश्त्याच्या तवारिखेत हे सगळं चार-पाच ओळींत उरकलेलं आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे की वाचणारा थबकतोच : कळंबबरोबर हिऱ्यांची खाणही सुलतानाच्या हाती आली!

हिऱ्यांचं काय? कळंबच्या काळ्या मातीत कपाशी, तूर आणि सोयाबीन निघतं. पण पूर्वेला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात वैरागड आहे. तिथली हिऱ्यांची खाण अबुल फजललाही ठाऊक होती, आणि ती त्याच्या काळात चांद्याच्या गोंड राजाकडे होती. त्या राजाच्या पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ होतं, असंही तो सांगतो. तेव्हा फिरिश्त्याने कळंब आणि वैरागड एकाच वाक्यात गुंफले असावेत, असं मला वाटतं. विजापुरात बसून लिहिणाऱ्याला या दोन गावांमधलं अंतर आणि जंगल कुठून जाणवणार? त्याच्या दृष्टीने हे सगळं ‘गोंडवन’ होतं, आणि तिथे हिरे होते.

कळंबमध्ये आलेला प्रत्येक जण चिंतामणीला जातो, मीही गेलो. हे गणपतीचं देऊळ जमिनीखाली आहे. वर बाजाराची गर्दी, फुलांचे हार, नारळ, दुर्वांच्या जुड्या. आणि पायऱ्या उतरत गेलं की एकेका पायरीगणिक उन्हाचा चटका कमी होत जातो. तळाशी कुंड. या कुंडाचं पाणी दर बारा वर्षांनी चढतं आणि गणपतीच्या पायांना लागून उतरतं, अशी इथे श्रद्धा आहे. त्या गारव्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, “बाबा, इथला किल्ला कुठे होता?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “किल्ला? थो कायचा आता, जी. माती झाली त्याची.” मग थोडं थांबून म्हणाले, “पन गोंडायचं राज होतं, हे खरं हाय. माह्या आज्यानं सांगतलं मले.”

आज्याने सांगितलं. फिरिश्त्याच्या पुस्तकात या कळंबच्या गोंड प्रमुखाचं नावसुद्धा नाही.

कळंबहून यवतमाळ वीस-बावीस किलोमीटर. हा नागपूर-वर्धा-यवतमाळ-नांदेड-तुळजापूर असा मोठा महामार्ग आहे, आणि माझ्या सोयीने तो कळंबहून थेट माहूरच्या दिशेने जातो. फाल्गुन असल्यामुळे दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. पान एकही नाही, नुसती केशरी फुलं. शेतांमधून पऱ्हाटी उपटण्याचं काम चाललेलं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे बांधावर रचलेले ढीग, आणि बोंडांच्या वाळक्या कवचांत अडकून राहिलेला कापसाचा एखादा पुंजका. या रस्त्याने मैलच्या मैल गेलं की लक्षात येतं, इथे सैन्याला अडवील असा एकही मोठा डोंगर नाही. लहान टेकड्या, सागाचं रान आणि नाले. उन्हाळ्यात नाले कोरडे पडतात, फौज घोड्यावरून पार होऊ शकते; पावसाळ्यात मात्र काळी माती घोड्याचा गुडघा धरून ठेवते. जुन्या काळच्या स्वाऱ्या पावसाळा संपल्यावर का निघत, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा या मातीकडे पाहून चटकन समजतं.

यवतमाळ शहरात मी थांबलो नाही. एवढंच सांगतो की ‘ऐन’मध्ये या जागेचं नाव ‘योत-लोहारा’ असं येतं, आणि त्यातलं लोहारा आजही शहराला लागून आहे, एमआयडीसीच्या शेडांनी भरलेलं.

आता मूळ गोष्ट. ती १४२५ च्या स्वारीच्याही सव्वीस वर्षं आधी सुरू होते.

१३९८-९९ साली गुलबर्ग्याचा सुलतान फिरोजशहा बहमनी विजयनगरशी लढायला दक्षिणेत उतरला होता. दख्खन तेव्हा दुष्काळाने पोळलेली होती. १३९६ पासूनचा तो दुष्काळ लोकांनी ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणून लक्षात ठेवला. सुलतान लांब गेल्याचं पाहून उत्तरेकडून खेडल्याचा राजा नरसिंग वऱ्हाडात घुसला. खेडला म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या बैतूलजवळचा किल्ला. माळव्याच्या आणि खानदेशाच्या राज्यकर्त्यांची त्याला फूस होती, असं तवारीख सांगते. त्याने वऱ्हाड लुटत लुटत पार माहूरपर्यंत मजल मारली. नकाशा काढून पाहा : बैतूल आणि माहूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. उत्तरेहून दक्षिणेला सरळ रेघ मारली तर सव्वादोनशे किलोमीटर. ती रेघ खाली पैनगंगेला पोचण्याआधी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातून जाते. कोणत्या गावांना नरसिंगाच्या घोड्यांनी तुडवलं, कुणाचं धान्य नेलं, कुणाची गुरं हाकली, याची नोंद कुणी ठेवली नाही. दुष्काळात आधीच रिकाम्या झालेल्या कणग्यांवर ती धाड पडली, एवढं मात्र दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं.

नरसिंगाला फिरिश्ता गोंडवनाचा राजा म्हणतो. काही अभ्यासक त्याला राजपूत मानतात. सातपुड्याच्या डोंगरातला, सैन्यात गोंड असलेला राजा, एवढं धरून आपण पुढे जाऊ.

विजयनगरची मोहीम आटोपताच फिरोजशहा उत्तरेकडे वळला. माहूरला आला, तिथली घडी बसवली आणि पुढे अचलपूरला गेला. माहूरहून अचलपूरला जायचं तर आजचा यवतमाळ जिल्हा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे एकाच वर्षात या मुलखाने दोन फौजा पाहिल्या, एक लुटायला आलेली आणि एक लुटारूंच्या मागे लागलेली. दोन्ही फौजांच्या घोड्यांना दाणावैरण लागतच होती.

अचलपूरहून सुलतान स्वतः पुढे गेला नाही. त्याने आपला भाऊ अहमदखान, ज्याला खान-इ-खानान हा किताब होता, आणि मीर फजलुल्ला इंजू यांना पाठवलं. नरसिंगाने माळवा आणि खानदेशाकडे मदत मागितली होती. ती आली नाही. तरीही त्याने किल्ल्यात दडून न बसता उघड्यावर येऊन लढाई दिली, आणि पहिला जोर त्याचाच होता. बहमनी फौजेची मधली फळी फुटली. नामांकित सरदार पडले. त्या गोंधळात कुणीतरी बातमी उठवली की खान-इ-खानानही मारला गेला. सेनापती पडला म्हटल्यावर फौज पळते, हे त्या काळाचं सर्वांत ओळखीचं दृश्य.

इथे फजलुल्ला इंजूने जे केलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लक्षात राहिलेलं. त्याने नगारे वाजवायला लावले आणि सांगत सुटला की खुद्द सुलतान कुमक घेऊन येतोय, अगदी जवळ आलाय. सुलतान तर अचलपूरला होता! पण नगाऱ्याचा आवाज खोटं बोलत असेल असं कुणाला वाटलं नाही. पळू लागलेले स्वार वळले. तेवढ्यात कळलं की अहमदखान जिवंत आहे. दोघांनी मिळून पुन्हा चाल केली, नरसिंगाचा मुलगा कोसलराय जिवंत पकडला गेला आणि डोंगरी फौज खेडल्याच्या किल्ल्यापर्यंत मागे रेटली गेली. वेढा पडला. शेवटी नरसिंग स्वतः अचलपूरला सुलतानापुढे आला, हत्ती, सोनं, चांदी आणि आपली मुलगी देऊन त्याने राज्य वाचवलं.

ढोल बडवून लढाई फिरवणं. मी लहानपणापासून आमच्याकडे गणपती-देवीच्या मिरवणुकीत ऐकलेल्या नगाऱ्याचा ठोका त्या दिवशी आर्णीच्या रस्त्यावर मनात सारखा वाजत होता. तो पोटात लागतो. कान बंद केले तरी छातीतून ऐकू येतो. डोळ्यांना धूळ आणि मेलेले घोडे दिसत असताना माणूस डोळ्यांवर नव्हे तर त्या ठोक्यावर विश्वास ठेवतो, हे मला पटतं.

आर्णीला चहासाठी उतरलो. अरुणावतीच्या काठचं हे गाव बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यासाठी सगळ्या विदर्भात ओळखलं जातं. टपरीवर बसून मी सोबत आणलेली टिपणवही चाळली. तिच्यात एका पानावर पोलंडच्या एका लढाईबद्दल मी पूर्वी टिपून ठेवलं होतं. मागच्या वर्षी उत्तर युरोपच्या इतिहासावर वाचताना ते सापडलं होतं, आणि तेव्हापासून कळंब-माहूरचा विचार आला की ते पान आठवतंच.

तेराव्या शतकात पोलंडच्या ईशान्येला, जंगलांत आणि सरोवरांच्या प्रदेशात यत्विंगी नावाचे बाल्टिक टोळीवाले राहत. ते ख्रिस्ती झाले नव्हते, आणि शेजारच्या पोलिश मुलखावर धाडी घालून माणसं आणि गुरं नेत. १२६४ साली क्राकोच्या ड्यूक बोलेस्लावने त्यांच्यावर चाल केली, ब्रान्स्कजवळ लढाई झाली, त्यांचा नायक कोमात मारला गेला. पुढच्या वीस वर्षांत ट्यूटॉनिक शिलेदारांनी उरलेल्यांनाही संपवलं. १२८३ पर्यंत त्यांचा प्रदेश ओस पडला. काही पळाले, काही दुसरीकडे वसवले गेले. त्यांची भाषा हळूहळू बोलायचीच थांबली. आज ती नद्या-गावांच्या नावांत आणि तुटपुंज्या शब्दांत उरली आहे. त्यांच्याबद्दल जे आपल्याला ठाऊक आहे ते सगळं त्यांच्याशी लढलेल्या लोकांनी लिहिलेलं आहे.

गोंडांबद्दलचंही चौदाव्या-पंधराव्या शतकातलं जवळजवळ सगळं दरबारी फारसीत आहे. जंगलातून निघून गावं लुटणारा तो लुटारू, आणि गावं लुटून किल्ला घेणारी ती मोहीम. शब्द लेखणी धरणाऱ्याने निवडले. नरसिंगाची वऱ्हाडावरची धाड खरीच होती, आणि तिच्यात पोळलेला शेतकरीही खरा होता. त्याला मी कमी लेखणार नाही. पण सव्वीस वर्षांनी जे घडलं त्याला कोणता शब्द लावायचा, हा प्रश्न मला माहूरपर्यंत घेऊन गेला.

आर्णीच्या पुढे धनोड्याला फाटा फुटतो आणि पैनगंगेचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. यवतमाळ जिल्हा संपून नांदेड सुरू होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. मधोमध निळसर डोह, त्यात दगडावर आपटून धुणं धुणाऱ्या बायका. फिरोजशहाच्या आणि नरसिंगाच्या स्वारांना ही नदी कुठल्या उताराने ओलांडावी लागली असेल, ते मी पुलावर उभा राहून शोधत राहिलो. एका ठिकाणी काठ दोन्हीकडून सपाट होत गेला होता आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या पाण्यात उतरत होत्या. असाच एखादा उतार असणार.

माहूरचा गड म्हणजे रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया, एवढंच बहुतेकांना ठाऊक. यात्रेकरूंची रांग एका बाजूला जाते, किल्ल्याकडे फारसं कुणी वळत नाही. मी वळलो. हत्ती दरवाजातून आत गेलो आणि तटावर चढलो. काळ्या दगडांचा जाड तट, फटींतून वाढलेली पिंपळाची रोपं, आणि आतल्या मैदानात वाळलेलं गवत कंबरभर. उत्तरेला नजर टाकली की पैनगंगेच्या काठची झाडी आणि त्याच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा उघडा, फिकट पिवळा मुलूख. सकाळी मी ज्या रस्त्याने आलो तो त्या धुरकट क्षितिजाच्या आत कुठेतरी.

१३९९ च्या लढाईत ज्या अहमदखानाचा मृत्यू झाल्याची खोटी बातमी उठली होती, तोच १४२२ मध्ये भावाच्या जागी सुलतान झाला : अहमद शहा. आणि तोच १४२५ च्या सुमारास या गडाखाली फौज घेऊन उभा राहिला. माहूरच्या राजाने बंड केलं होतं आणि त्याच्याकडे आणखीही बळकट ठाणी होती. सुलतानाने अभय दिलं, राजा त्या शब्दावर खाली उतरला. शब्द पाळला गेला नाही. राजाला ठार केलं आणि त्याच्याबरोबर त्याच्या पाच-सहा हजार माणसांनाही. हे सांगणारा सुलतानाचा शत्रू नाही, फिरिश्ता आहे. त्याला हा शब्दभंग लपवावासा वाटला नाही, याचा मी मान ठेवतो. मग कळंब पडलं. मग सुलतान अचलपूरला जाऊन वर्षभर राहिला आणि त्याने मेळघाटातला गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त करून घेतला, उत्तरेकडून, म्हणजे खेडल्याच्या आणि माळव्याच्या वाटेने, पुन्हा कुणी उतरू नये म्हणून. नरसिंगाच्या धाडीचं भय त्याच्या मनातून गेलं नव्हतं, हे त्या दोन किल्ल्यांच्या भिंती सांगतात.

हाच अहमद शहा बिदरमध्ये ‘वली’ म्हणजे संत आहे. दुष्काळात त्याने केलेल्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी आख्यायिका आहे. त्याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली, आणि बिदरजवळच्या अष्टूर गावी त्याची कबर आहे. तिथे वर्षाला उरूस भरतो. त्यात लिंगायत जंगमाचा मान असतो, मुसलमानांबरोबर हिंदूही तितक्याच भावाने येतात. मी ती कबर पाहिली आहे. आत घुमटावर सोनेरी आणि निळ्या अक्षरांची नक्षी आहे, मान दुखेपर्यंत वर पाहत राहावं अशी. त्या घुमटाखाली उभा असताना मला माहूरची गोष्ट ठाऊक नव्हती. माहूरच्या तटावर उभा असताना मात्र तो घुमट डोळ्यांपुढून हलेना. अष्टूरच्या लोकांचा भाव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माहूरच्या पाच-सहा हजारांचं मरणही तितकंच खरं. दोन्ही मला एका माणसात जोडता येत नाहीत, आणि ते जोडलेच पाहिजेत असा आग्रह धरणं मला खोटेपणाचं वाटतं.

नरसिंगाचंही पुढे भलं झालं नाही. बहमनी आणि माळवा या दोन जात्यांमध्ये तो दळला गेला. १४३३ मध्ये माळव्याच्या होशंगशहाने त्याला मारून खेडला घेतला.

गड उतरून माहूरच्या स्टँडवर आलो तेव्हा ऊन कललं होतं. किनवटची गाडी उभी होती, आणि तिच्या सावलीत जमिनीवर चार-पाच बायका बसल्या होत्या, पाटल्या घातलेल्या, एकीच्या कपाळावर आणि हातांवर दाट गोंदण. बोलत होत्या ते मराठी नव्हतं. मी कान दिला. द्राविडी वळणाची, झपाझप चाललेली भाषा, मध्येच ‘बस’, ‘तिकीट’, ‘शंभर रुपये’ असे शब्द. गोंडी! इथून खाली किनवटपासून आदिलाबादपर्यंत आणि वर केळापूर, झरी, घाटंजीपर्यंत ती अजून घराघरांत बोलली जाते. याच पट्ट्यात गोंडांचे भाट, म्हणजे परधान, किंगरीवर त्यांच्या देवांची आणि राजांची गाणी सांगत आलेत. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या मार्लावाई गावी राहिला तेव्हा त्याने ती ऐकून नोंदवली. कळंबच्या बाबांच्या आज्याने जे सांगितलं, ते फारसीत कधीच उतरलं नव्हतं.

गोंदलेल्या आजीकडे रिकामी बाटली होती. तिने ती वर धरून मला काही विचारलं. मला कळलं नाही. शेजारची नात हसली आणि म्हणाली, “पानी कुठं भेटंल, विचारते. आमच्यात पान्याले ‘येर’ म्हंते.”

मी नळाकडे बोट दाखवलं. तिने बाटली नातीच्या हातात दिली, आणि नात धावत नळाकडे गेली.